आधीपासूनचे ओरखडे

सामान उचलायच्या आधी मी फॉर्म भरतो.
कपाट, फ्रीज, किंग साइज बेड,
आणि शेवटच्या रकान्यात : आधीपासूनचे ओरखडे.
उद्या कोणी म्हणायला नको, तुम्हीच पाडले.

आज बुदैयाच्या व्हिलात हात थांबला.
हा पियानो माझ्या ओळखीचा.
दोनशे तीस किलो. मागचं डावं चाक तिरकं.

गुदैबियात, लाँड्रीच्या वर तिसरा मजला.
लिफ्टमध्ये पत्र्याची पाटी : फक्त सहा माणसं.
केतकी दांडेकर म्हणाली, पियानो धरू तीन,
आम्ही तीन, झाले सहा.
बँडचं नाव तिथेच ठरलं, 'सिक्स पर्सन्स'.
मी जिन्याने गेलो.

जुफैरच्या हॉटेलचा मॅनेजर दर गुरुवारी विचारायचा,
गिटार नाही तर रॉक कसला?
केतकी उत्तर द्यायची नाही.
डाव्या हाताने खालच्या पट्ट्यांत असं काही हाणायची
की बारवरच्या बाटल्या एकमेकींना लागत.
बेसवर डॅरिल, दिवसा बेकरीचे हिशेब लिहिणारा.
ड्रमवर मुहर्रकचा मीर्झा,
घरी सांगून यायचा, जिमला जातो.

मला त्यातलं फार कळत होतं असं नाही.
आमच्या खेडकडे पेटी, तीही भजनापुरती.
पण वजन कळतं.
हॉल भरला त्या रात्री पियानो सहज उतरायचा,
चार टाळकी असली की पायरी न पायरी मोजावी लागे.
ऑगस्टात सूर घसरायचे.
केतकीचं मराठी बहरीनमध्येच वाढलेलं.
म्हणायची, "दादा, पियानोला घाम आला."

अल्बम एकच. रात्री दोन ते पाच,
एसी बंद, कारण त्याची घरघर रेकॉर्डिंगात येते.
चौथ्या गाण्यात, दोन मिनिटं अकरा सेकंदांवर,
कोणीतरी खाकरतं.
तो मी.
राहू दे, म्हणाली केतकी.
पाचशे सीडी निघाल्या. त्यातली एक आईकडे पाठवली.
तिने ती परसात टांगली, पाखरं येऊ नयेत म्हणून.
छान चमकते म्हणे.

मग दुबईचं बोलावणं.
पुलावर कस्टमवाल्याने झाकण उघडायला लावलं,
बाटल्या शोधत आत टॉर्च मारला.
तारा, हातोड्या, फेल्ट.
जाता जाता त्याने एका बोटाने एक काळी पट्टी दाबली,
पुन्हा तीच दाबली,
आणि शिक्का मारला.

दुबईत दुपारी चारची वेळ, ऊन समोरून.
दोन गाण्यांच्या मधे ती बोटं
बर्फाच्या ग्लासात बुडवत होती.
ऐकायला अकरा जण, त्यातले सहा स्टेज लावणारे.
ट्रक सावलीत होता.
मी उन्हातच उभा राहिलो, पस्तीस मिनिटं.

भांडून मोडला असता तर सांगायला तरी बरं.
डॅरिलची बेकरी बंद पडली, तीस दिवसांची मुदत.
केतकीचे वडील साठीला निवृत्त झाले.
जन्म इथला, पण राहणं वडिलांच्या सहीवर.
कॅनडाला गेली.
मीर्झाला कुठे जायचंच नव्हतं. त्याने ड्रम विकले.
आता बँकेत असतो, पैसे मोजताना
बोटं काउंटरवर सुरू होतात, मग थांबवतो.

शेवटच्या दिवशी लिफ्टमध्ये पियानो आणि मी.
हिशेबाने चार माणसं.

"सेकंड हँडच घेतला होता हो," बाई म्हणतात.
त्यांची मुलगी स्टुलावर चढून एकच पट्टी दाबत बसलीय.
घाम आलाय पियानोला.
मी गुडघ्यावर बसतो, लाकडावरून बोट फिरवतो.
हा कस्टमवाल्याच्या घड्याळाचा.
हा पांढरा गोल जुफैरचा, कोणीतरी ग्लास ठेवलेला.
हा खोल, खालच्या कडेचा,
माझ्या पट्ट्याच्या बकलाचा. कोणाला बोललो नव्हतो.
रकान्यात जागा पुरत नाही.
लिहितो : बरेच.
आणि खाली सही करतो.